चीक उतरल्यावर

फाल्गुनापासून मार्गशीर्षापर्यंत भीमराज आपल्या मुलाशी एक शब्द बोलले नाहीत. घर एक, चूल एक, विहीर एक. दोघं एका ओळीत जेवायला बसत, हळदीला पाणी द्यायचं असलं की एकाच बांधानं जात. पण बोलणं सगळं सून पल्लवी हिच्या तोंडून व्हायचं. "त्याला म्हणावं, मोटारीचा पाइप फुटला," असं सासरे म्हणत तेव्हा प्रमोद हातभर अंतरावर बसलेला असे. पल्लवी ते पुन्हा म्हणे. प्रमोद "बघतो" म्हणे, आणि तेही ती पुन्हा म्हणे. शिरड शहापुरातल्या बायांना वाटे, जमिनीवरून बिनसलं असणार. भीमराजांच्या बायको लक्ष्मीबाई विचारणारीला सांगत, "जमिनीचं न्हाई माय, झाडाचं हाय," आणि ऐकणारीला ते खरं वाटत नसे.

खरं काय ते पल्लवीला ठाऊक होतं, आणि तिच्या नवऱ्याला.

फाल्गुनात भीमराज आठ दिवस लेकीकडं, वारंगा फाट्याला गेले होते. त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून शीतल त्यांना नांदेडच्या डॉक्टरकडं नेणार होती. प्रमोद हिंगोलीला ऑफिसात. इकडं जुन्या घरामागं दोन नव्या खोल्यांचं बांधकाम चाललेलं. विटांचा ट्रॅक्टर विहिरीजवळच्या आंब्याखालून आत येईना. एक जाड फांदी आडवी येत होती. गवंड्यानं विचारलं, "बाई, काढू का ही?" पल्लवीनं वर बघितलं. झाड मोहरानं गच्च भरलं होतं. ट्रॅक्टरवाला घाई करत होता, सासू बाजाराला गेली होती. ती म्हणाली, "काढा."

कुऱ्हाडीचे दहा-बारा घाव बसले. फांदी अर्धी तुटली आणि उरलेली आपल्याच भारानं बुंध्याची साल ओढत खाली आली. चीक उडाला. पल्लवी खालीच उभी होती, वर बघत. डावा गाल दुसऱ्या दिवशी उतून आला, कातडी गेली, आणि तिथं रुपयाएवढा काळा डाग कायमचा बसला.

भीमराज परत आले ते थेट झाडापाशी गेले. हातभर साल सोललेली, तिच्यातून चीक गळून खालची माती ओली. "कुणी केलं?" त्यांनी विचारलं. पल्लवी तोंड उघडायच्या आत प्रमोद म्हणाला, "मी सांगितलं तोडायला." म्हाताऱ्यानं मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं, आणि काही न बोलता घरात गेले.

दुसऱ्या कुणाच्या घरी एका फांदीचं एवढं झालं नसतं. पण भीमराजांचा जन्म झाडं छाटण्यात गेला होता. सरकारी रोपवाटिकेत नोकरी, आणि सुटीच्या दिवशी औंढ्यापासून नरसीपर्यंत लोकांच्या आमराया. शिवाय हा आंबा त्यांच्या वडलांचा, मुंजाजीचा. मूळ झाड आंबट. मुंजाजी नरसीकडच्या एका बड्या मळ्यात मजुरीला जायचा. तिथल्या गोड आंब्याची छाटणी तो करायचा, पण आंबा त्याच्या हातात कुणी देत नसे. वरून टाकत, आणि तो धोतराच्या ओच्यात झेलायचा. एका वर्षी छाटून पडलेल्या कचऱ्यातली एक हिरवी काडी त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि आपल्या आंब्याच्या एका फांदीवर बांधली. ती जगली. तेव्हापासून झाडाचा उगवतीकडचा भाग आंबट आणि मावळतीकडचा गोड. गावातली माणसं पाहुण्यांना ते झाड दाखवायला आणत. मुंजाजी प्रत्येकाच्या हातात आंबा देई, खाली टाकत नसे.

पल्लवीनं तोडायला सांगितलेली फांदी गोड बाजूची होती.

पावसाळ्यात ती जखम काळी पडली. डिंक वाहिला, खोडकिडा लागला, बुडाशी भुश्याची रास दिसू लागली. भादव्यात वारं सुटलं आणि त्याच बाजूची एक वाळली फांदी नव्या खोलीच्या पत्र्यावर आदळली. प्रमोद-पल्लवीची लेक प्रतिक्षा आत झोपलेली होती. तिला काही लागलं नाही, पण त्या दिवशी प्रमोदनं मनाशी ठरवलं ते ठरवलंच.

मार्गशीर्षातल्या त्या रविवारी लक्ष्मीबाईंनी शीतलला बोलावून घेतलं. शीतल आपल्या नर्सरीचा छोटा हत्ती टेम्पो स्वतः चालवत आली. मागं शिडी, दोर, दोन करवती. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्यांना वळसा घालून ती आली आणि उभ्यानंच म्हणाली, "दादा, मी काय ऐकून राहिले?"

"बरोबर ऐकलंस," प्रमोद म्हणाला. "माणसं सांगितली आहेत. मंगळवारी येतील आणि बुडापासून काढतील."

"बुडापासून?"

"पत्र्यावर फांदी पडली तेव्हा माझी पोरगी आत होती."

भीमराज ओसरीवर बाजेवर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. थरथर दिसू नये म्हणून अलीकडं ते असंच बसत. पल्लवी चहा घेऊन आली. कप त्यांच्या हातात न देता तिनं शेजारी ठेवला.

"फाल्गुनात कुऱ्हाड कुणी लावली?" शीतल म्हणाली. "चीक चढलेला असताना जाड फांदीला हात लावू नये, हे माझ्याकडं रोपं न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला कळतं. तू बाबाचा मुलगा. झाड सडवलं तूच, अन् आता सडलं म्हणून तोडायचंबी तूच."

"मला कुणी शिकवलं नाही."

"तू शिकला न्हाईस. बाबा आमराईत बोलवायचे तेव्हा तू पुस्तक घेऊन बसायचास. मी जायचे."

"बाबांनीच बसवलं होतं पुस्तक देऊन," प्रमोद शांतपणे म्हणाला. "म्हणायचे, दुसऱ्याच्या झाडावर चढायचं माझ्यापाशी थांबू दे."

पल्लवीनं सासऱ्यांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

"माय, तू तरी सांग याला," शीतल म्हणाली.

लक्ष्मीबाई शेंगा हलवत होत्या. लेकीला बोलावलं त्यांनीच, झाड वाचावं म्हणूनच. पण त्या म्हणाल्या, "सासऱ्यानं लावलेलं झाड हाय, मला का वाईट वाटत न्हाई? पण त्या दिशी पत्रा वाजला तवा मी धावले. लेकराच्या अंगावर आली असती तर? काढत असंल तर काढू दे."

"माय, तूबी?"

"तू सांजच्याला वारंग्याला जाशील. मला त्या झाडाखाली ऱ्हायाचंय."

शीतलचा चेहरा उतरला. ती लहानपणापासून बापाच्या बाजूची. आई नेहमी मधे असायची, आता तीही पलीकडं गेली. ती दुखावून बोलली, आणि नको ते बोलली. "दादाला ह्या झाडाची लाज वाटती, हे मला ठाऊक हाय. ऑफिसातल्या लोकाइला कसं सांगायचं, आज्यानं कचऱ्यातनं काडी उचलून आणली म्हणून? नेमकी गोडच फांदी कशी दिसली तुला?"

प्रमोद उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण त्यानं पल्लवीकडं बघितलंसुद्धा नाही. न बघण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागतोय ते पल्लवीला दिसलं. नऊ महिने तो हे ओझं वाहत होता आणि आज बहिणीच्या तोंडून आजोबाचा अपमान केल्याचा आळही त्यानं अंगावर घेतला असता.

"ताई," पल्लवी म्हणाली, "हे इथं नव्हतेच. मी सांगितलं होतं. गवंड्यानं विचारलं, अन् मी काढा म्हटलं. यांना संध्याकाळी घरी आल्यावर कळलं."

लक्ष्मीबाईंचा हात शेंगांवर थांबला. शीतल वहिनीकडं बघत राहिली. पल्लवीला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती बाजेसमोर जाऊन खाली बसली. "मामा, चूक माझी व्हती. मला झाडातलं कळत न्हाई. पण तुमाला फोन करून विचारता आलं असतं. तेवढंबी मी केलं न्हाई."

"मला ठाऊक हाय, बाई," भीमराज म्हणाले.

"काय ठाऊक हाय?"

"तू सांगितलं ते. पहिल्याच दिशी कळलं." त्यांनी मांडीखालचा एक हात काढला आणि आपल्या गालाला लावला. "फांदी पडताना खाली उभं राहून वर कोण बघतं? ज्यानं सांगितलं ते. चीक त्याच्याच तोंडावर येतो. ह्याच्या अंगावर थेंब नव्हता."

प्रमोद बाजेजवळ आला. "मग नऊ महिने..."

भीमराजांनी मान वर केली आणि मुलाकडं बघून, मुलालाच, बोलले. "मी तोंड उघडलं असतं तर पहिलं तेच विचारलं असतं. मग तुला परत लबाड बोलावं लागलं असतं. एकदा बायकोसाठी बोललास, ते बराबर केलंस. माझा बाप असता तर त्यानंबी तेच केलं असतं. पण दुसऱ्यांदा माझ्या तोंडावर बोलला असतास तर मला सोसलं नसतं." ते थांबले. "अन् रागबी व्हता. न्हाई कशाला म्हणू?"

"माझ्यावर?"

"मी आठ दिवस घर सोडलं, अन् फांदी कवा तोडावी हे घरात कुणाला ठाऊक न्हाई. चाळीस वर्षं लोकाइच्या आमराया केल्या. पोरीला सांगितलं, ती दुसऱ्याच्या घरी गेली. तुला मीच पुस्तकापाशी बसवलं. सुनेला सांगावं, हे डोक्यातच आलं न्हाई. आता हा राग कुणावर काढायचा? म्हून गप बसलो."

चहावर साय धरली होती. लक्ष्मीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कप उचलून आत नेला, पुन्हा गरम करायला.

"मंगळवारच्या माणसाइला येऊ नका म्हण," भीमराज म्हणाले. "मार्गशीर्ष चालू हाय. चीक खाली बसलाय. आठ-पंधरा दिवसांत मोहराचा डोळा फुगंल, मग हात लावता येणार न्हाई. बारीक काड्या छाटायच्या त्या आंबे उतरल्यावर, मृगाच्या आत. जाड लाकूड काढायचं ते ह्या थंडीत. सडकं तेवढं काढून बघू. झाड वाचतंय का ते झाडच सांगंल."

शीतलनं ओढणी कमरेला खोचली आणि करवत घेतली.

"तू न्हाई," म्हातारा म्हणाला. "ह्यो चढंल."

प्रमोद चाळिशीचा, पोट सुटलेला. तो शिडीवर चढला तेव्हा शिडी वाजली. शीतलनं दोर वरच्या बेचक्यातून घेतला, पल्लवीनं तिच्यामागं टोक धरलं. "आजूक बाजूला हो," भीमराज सुनेला म्हणाले. "वर बघायचं तर लांबून बघायचं. अन् तोंडाला फडकं बांध." मग ते विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिले आणि मुलाला सांगू लागले. आवाज चढवावा लागत नव्हता. सकाळ शांत होती.

"फांदी आधी खालून काप. चार बोटं आत."

"खालून?"

"खालून. नुसतं वरून कापलं की फांदी साल घिऊन खाली येती, फाल्गुनात आली तशी. झालं? आता वीतभर पुढं सरक अन् वरून काप."

वाळकी फांदी कडकन सुटली आणि दोरावर लोंबली. शीतल आणि पल्लवीनं ती हळूहळू खाली घेतली. साल फाटली नाही.

"आता खुंट ऱ्हायला. फांदी जिथं खोडातून निघती तिथं सुरकुती दिसती का? गोल वळ आल्यासारखी?"

"दिसतेय."

"तिला बांगडी म्हणायचं. बांगडीला धक्का लावायचा न्हाई, अन् तिच्यापुढं खुंटबी ठेवायचा न्हाई. बांगडी शाबूत असली की झाड जखम आपणहून भरून काढतं."

प्रमोदनं जुन्या जखमेच्या खुंटाला करवत लावली. भुसा आधी पिवळा पडला, मग तपकिरी, मग काळा. त्यानं हात थांबवला.

"बाबा, आत काळं आहे."

"केवढं?"

"मधोमध. बोट जातंय."

शीतलनं त्याला तार दिली. त्यानं ती भोकात घातली. तार बांगडी ओलांडून गेली, आणखी गेली, खाली जिथं गोड आणि आंबट भाग वेगळे होतात त्या दिशेनं हातभर गेली. वरून कुणी काही न सांगता खालच्या सगळ्यांना कळलं, सड बुंध्यापर्यंत पोचली होती.

"खरवडून मोरचूद भरू," शीतल घाईनं म्हणाली.

"भरून झाकतं, सड थांबत न्हाई," भीमराज म्हणाले.

"बाबा," प्रमोद शिडीवरून म्हणाला, "टेकू देता येईल. लोखंडी पाइपचा टेकू देऊ. मी खोली दुसरीकडं बांधतो हवं तर. गोड बाजू ठेवता येणार नाही का?"

पल्लवीनं दोर घट्ट धरला. आज सकाळपर्यंत हाच माणूस झाड बुडापासून काढणार होता.

भीमराज कठडा सोडून झाडापाशी गेले आणि गोड बाजूच्या बुंध्यावर, जिथं कधीकाळी काडी बांधलेली त्या जाड गाठीवर तळवा ठेवला. खोडावर टेकल्यावर हात थरथरायचा थांबला. लक्ष्मीबाई दारात आल्या, त्यांनी ते बघितलं आणि परत आत गेल्या.

"काप," भीमराज म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. काळं लाकूड संपून पांढरं लागंल तिथवर. गोडीसाठी बूड घालवायचं न्हाई."

दुपार कलेपर्यंत काम चाललं. प्रमोदच्या तळहाताला फोड आले, त्यावर त्यानं रुमाल बांधला. शीतल एकदा वर चढली, त्याला पाणी देऊन आली. तिथंच दोघं काहीतरी हळू बोलले. पल्लवीला ऐकू आलं नाही, पण खाली आल्यावर शीतलनं डोळे पुसले आणि म्हणाली, "वहिनी, मी लई बोलले."

"तुमी झाडासाठी बोललात."

"झाडासाठी न्हाई," शीतल म्हणाली, आणि दोर हातात घेतला.

एकेक फांदी दोरावर बसून खाली येत होती. हिरव्या पानांचा ढीग अंगणात वाढत गेला. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा नव्या खोल्यांवर पहिल्यांदाच उघडं ऊन पडलं. उरलेली आंबट बाजू विहिरीवर झुकलेली होती. पत्र्यावर तिची सावलीसुद्धा येत नव्हती. कापलेल्या लाकडाला चीक जवळजवळ नव्हताच. दोन-चार थेंब कडेला आले आणि तिथंच थिजले. मधलं लाकूड पांढरं होतं.

शीतलनं प्लास्टिकच्या घमेल्यात मोरचूद आणि चुना कालवला. निळं दाट झालं. भीमराजांनी ब्रश मागितला, शिडीच्या दोन पायऱ्या चढले, आणि पहिल्याच फटकाऱ्याला ब्रश हातात थरथरला, निळे शिंतोडे त्यांच्या सदऱ्यावर पडले. ते खाली उतरले. ब्रश मुलाकडं दिला.

तेवढ्यात बांधावरून तातेराव चालले होते. शेजारच्या शेताचे मालक, भीमराजांच्याच वयाचे. लहानपणी मुंजाजीच्या हातून त्यांनीही ह्या झाडाचे आंबे खाल्ले होते. ते थांबले. झाडाकडं बघितलं, पानांच्या ढिगाकडं बघितलं.

"भीमराज, ही गोड बाजू कुणी पाडली?"

शिडीवर प्रमोदचा हात थांबला. पल्लवीनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि एक पाऊल पुढं टाकलं.

"मी," भीमराज म्हणाले.

"तुमचे हात तर..."

"हात पोराचे. ठरवलं मी."

"मुंजाजीची फांदी व्हती ती."

"व्हय," भीमराज म्हणाले. "म्हून मीच ठरवायला पायजे व्हतं."

तातेरावांनी पागोटं सारखं केलं आणि ते पुढं गेले. ते तुरीच्या पलीकडं दिसेनासे होईपर्यंत भीमराज त्या बाजूला बघत होते.

"बाबा," प्रमोद वरून म्हणाला, "कुठं राहिलंय का?"

भीमराज वळले. डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांनी वर पाहिलं.

"डाव्या अंगाला. बांगडीच्या कडंला बोटभर कोरडं दिसून राहिलंय."

प्रमोदनं ब्रश बुडवला आणि तिथं लावला. पल्लवी शिडीपाशी आली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.